यूके गॅराजचा डीजे सेट आणि लहान क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये नव्याने राहायला आलेले मराठी विद्यार्थी आणि मुंबई-पुण्यात बसून हे संगीत ऐकणारे मित्र गेली काही वर्षे जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने शे-दोनशे माणसांच्या लहान क्लबला धरून लिहिली आहेत, कारण हे संगीत खरे उमगते ते तिथेच, असे माझे ठाम मत आहे. त्यामागची कारणे प्रश्न ५ आणि ७ मध्ये आली आहेत.

१. यूके गॅराज म्हणजे नेमके कोणते संगीत? गाड्यांच्या गॅरेजमध्ये वाजवत म्हणून हे नाव पडले का?

एका अर्थाने हो, पण ते गॅरेज लंडनमधले नव्हे. न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवर गाड्या ठेवण्याच्या जुन्या इमारतीत १९७७ ते १९८७ या काळात पॅराडाइज गॅराज नावाचा क्लब चालत असे आणि लॅरी लेव्हान हा तिथला मुख्य डीजे होता. तो वाजवत असलेल्या, चर्चमधील गायनाचा संस्कार असलेल्या भावपूर्ण नृत्यसंगीताला क्लबच्याच नावाने ओळखू लागले. जवळच न्यूजर्सीतील नेवार्क शहरात टोनी हम्फ्रीज यांनी झान्झिबार क्लबमध्ये हीच परंपरा पुढे नेली.

१९९०च्या दशकात लंडनमधील डीजे या अमेरिकन रेकॉर्ड मूळ गतीपेक्षा जलद वाजवू लागले. गती वाढवली की गाणाऱ्याचा आवाजही चढा आणि चिरका होतो, म्हणून ते गाण्याऐवजी त्याच रेकॉर्डवरची कमी शब्दांची 'डब' आवृत्ती निवडत. पुढे लंडनच्या निर्मात्यांनी तशाच जलद गतीचे स्वतःचे संगीत रचायला घेतले, त्यात जंगल (तुटक, अतिजलद ठेक्याचे नृत्यसंगीत) या संगीताचा आणि जमैकन साउंड सिस्टिमचा (मोठमोठ्या स्पीकरांच्या फिरत्या संचाचा) जड बेस, म्हणजे खालचा खोल सूर, मिसळला, आणि यूके गॅराज जन्माला आले. लंडनमध्ये या शब्दाचा उच्चार 'गॅरिज' असा ऐकू येतो. तिथे तो तसाच करावा.

२. मला सगळे क्लबचे संगीत सारखेच वाटते. हाउस किंवा टेक्नोपेक्षा हे वेगळे आहे हे कानाने कसे ओळखावे?

हाउस आणि टेक्नोमध्ये चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा, म्हणजे किकचा, ठोका पडतो. यूके गॅराजच्या 'टू-स्टेप' प्रकारात यातले ठोके काढून टाकलेले असतात. पहिल्या मात्रेवर ढम होतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा (लहान ढोलाचा) कडक आवाज येतो, आणि किकचा पुढचा ठोका तिसऱ्या मात्रेवर सरळ न पडता बहुधा तिच्या जरा पुढे, आडवा पडतो. गती मिनिटाला साधारण १३० ते १३५ मात्रा इतकी, म्हणजे बरीच जलद असते, पण मधल्या मोकळ्या जागांमुळे शरीराला ती संथ भासते.

तबला ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगणे सोपे जाते. तीनतालात खालीच्या भागात बायाचा घुमार काढून घेतला जातो. ठेका मोडत तर नाहीच, उलट समेची ओढ वाढते. टू-स्टेपमध्ये गाळलेली किक असेच काम करते. तो ठोका आपले शरीर भरून काढते, आणि म्हणूनच या संगीतावर माणसे खाली दणके देत नाचत नाहीत, तर खांदे आणि कंबर तिरकी टाकत नाचतात.

दुसरी खूण झुलीची. हाय-हॅटचे (जोडझांजांचे) बारीक ठोके समान अंतरावर नसतात. प्रत्येक दुसरा ठोका किंचित उशिरा येतो. १३२ गतीला एका मात्रेचा चौथा हिस्सा सुमारे ११४ मिलिसेकंदांचा असतो, आणि हा उशीर वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या घरातला. आकडा किरकोळ दिसतो, पण संगणकावर ही झुल शून्य केली तर तेच गाणे जागच्या जागी निर्जीव होते. तिसरी खूण म्हणजे तुकडे केलेला मानवी आवाज. न्यूजर्सीच्या टॉड एडवर्ड्स यांनी गायनातील अक्षरे कापून त्यांची वाद्यासारखी नक्षी विणली, आणि लंडनच्या निर्मात्यांनी ती पद्धत मनापासून उचलली.

३. स्पीड गॅराज, टू-स्टेप, बेसलाइन ही वेगवेगळी संगीते आहेत का?

एकाच घरातली भावंडे आहेत. स्पीड गॅराज १९९७च्या सुमारास गाजले. त्यात चारही मात्रांवर किक असते आणि वर वाकणारा, गुरगुरणारा बेस. टू-स्टेप त्यानंतर पुढे आले. बेसलाइन हे उत्तरेकडे, विशेषतः शेफील्डमधील निश या क्लबभोवती वाढले. लहान क्लबमधील चांगल्या सेटमध्ये तिन्ही प्रकार येऊन जातात, त्यामुळे नावांच्या सीमांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

४. जुने लोक सारखे 'संडे सीन'विषयी बोलतात. रविवारचे एवढे काय महत्त्व?

शनिवारी रात्रभर मिनिस्ट्री ऑफ साउंडसारख्या क्लबमध्ये नाचून बाहेर पडलेल्या लोकांना रविवारी सकाळी घरी जायचे नसे. त्याच परिसरातील एलिफंट अँड कॅसल या पबमध्ये, पुढे ओल्ड केंट रोडवरील फ्रॉग अँड नाइटगाउनमध्ये, दिवसाउजेडी गॅराज वाजू लागले. मॅट 'जॅम' लॅमाँट, कार्ल 'टफ इनफ' ब्राउन, नॉरिस 'द बॉस' विंड्रॉस हे डीजे या काळात पुढे आले. नंतर व्हॉक्सहॉलच्या कोलिझियममध्ये ट्वाइस ॲज नाइस ही प्रसिद्ध 'रात्र', म्हणजे क्लबमधला नियमित कार्यक्रम, तीही रविवारचीच होती.

याचा अर्थ असा की या संगीताचे बालपण पबच्या खोल्यांमध्ये गेले. दुसरे बालपण गेले चोरट्या रेडिओ केंद्रांवर. उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर अँटेना बसवून, अधिकारी जप्त करून नेईपर्यंत, ही केंद्रे शनिवार-रविवार अखंड चालत. १९९४मध्ये असेच सुरू झालेले रिन्स एफएम २०१०मध्ये अधिकृत परवाना मिळवू शकले.

५. 'लहान क्लब' म्हणजे किती लहान? हेच संगीत मोठ्या सभागृहात का चांगले वाटू नये?

शोरडिचमधील कर्टन रोडवरचे प्लॅस्टिक पीपल हे माझ्या दृष्टीने आदर्श माप आहे. तळघर, दोन-अडीचशे माणसांची जागा, जवळजवळ संपूर्ण अंधार, आणि खोलीच्या मानाने अतिशय उत्तम ध्वनियंत्रणा. जानेवारी २०१५मध्ये ते बंद झाले, परंतु लंडनमध्ये अजूनही रेल्वेच्या विटांच्या कमानींखाली आणि दुकानांच्या तळघरांत अशा खोल्या आहेत.

मोठ्या सभागृहाची अडचण साध्या गणिताची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. डीजेपासून ४० मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाची आरोळी डीजेपर्यंत पोहोचायला ०.११७ सेकंद लागतात, म्हणजे ती एका मात्रेच्या चौथ्या हिश्शाने मागे पडते. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तर दुप्पट उशिरा येतो. ज्या संगीताचा सगळा जीव वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या झुलीत आहे (प्रश्न २ पाहावा), ते अशा प्रतिध्वनीत लिंपले जाते. सात मीटरच्या खोलीत हाच उशीर ०.०२ सेकंद असतो. डीजेला प्रत्येक हुंकार ठेक्यावर ऐकू येतो आणि लोकांना डीजेचा हात दिसतो.

म्हणून लहान खोली ही केवळ स्वस्त सोय नाही. ती या संगीताच्या वाद्यांपैकी एक वाद्य आहे. मोठ्या महोत्सवांत मी हेच डीजे ऐकले आहेत आणि ते वाईट वाजवत नव्हते. पण तिथे ते लोकांसमोर वाजवत होते, लोकांबरोबर नव्हे.

६. गाणी तर दुसऱ्यांची असतात. मग डीजे नेमके काय करतो?

गाणी निवडतो, हे पहिले आणि सर्वांत अवघड काम. त्यानंतरचे काम हाताचे. समजा, चालू रेकॉर्ड १३४ गतीची आहे आणि पुढची १३०ची. तर दुसरी सुमारे ३.१ टक्के जलद करावी लागते. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलची गती बदलणारी सरकपट्टी दोन्ही बाजूंना आठ टक्क्यांपर्यंत जाते. गती जवळपास सहा टक्के वाढवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणून केवळ गती जुळवून भागत नाही, दोन गाण्यांचे सूरही एकमेकांना सोसले पाहिजेत.

दोन गाणी एकत्र चालू असताना दोघांचे बेस एकाच वेळी मोकळे सोडता येत नाहीत. खालचा आवाज चिखल होतो. म्हणून डीजे मिक्सरवर येणाऱ्या गाण्याचा बेस बंद ठेवतो, योग्य मात्रेची वाट पाहतो आणि एका हाताने जुना बेस काढत दुसऱ्या हाताने नवा सोडतो. पुढच्या वेळी क्लबमध्ये गेलात तर फक्त हा क्षण पाहा. मान तिरकी करून हेडफोनचा एक कप खांद्याने कानाशी दाबलेला असतो, दोन्ही हात बटणांवर असतात, आणि समोरच्या लोकांना काय झाले ते कळायच्या आधी त्यांचे गुडघे बदललेले असतात.

गॅराजचे डीजे हे काम विलक्षण वेगाने करतात. एक गाणे दोन मिनिटेही पुरते चालत नाही. डीजे ईझी सीडी-प्लेअरच्या बटणांवर बोटांनी गाण्याची सुरुवात ठेक्यात ठोकून ती चालू गाण्यावर वाद्यासारखी वाजवतात; २०१६मध्ये त्यांनी कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी सलग २४ तास थेट प्रक्षेपणात वाजवले होते. ते पाहिल्यावर 'डीजे फक्त बटण दाबतो' हे वाक्य कोणीही पुन्हा उच्चारू नये.

७. ऐन रंगात आलेले गाणे मध्येच थांबवून पुन्हा सुरुवातीपासून का लावतात? बिघाड होतो का?

बिघाड नव्हे, तो सन्मान आहे. याला रिवाइंड किंवा रीलोड म्हणतात आणि ही प्रथा जमैकाच्या साउंड सिस्टिममधून कॅरिबियन कुटुंबांबरोबर लंडनला आली. गाण्याचा बेस पडतो, लोकांना तो आवरत नाही, ते ओरडतात, आणि डीजे रेकॉर्ड उलट फिरवून गाणे पहिल्यापासून लावतो.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक 'वन्स मोअर' देत आणि नट तेच पद पुन्हा गात असे. फरक इतकाच की तिथे पद संपल्यावर मागणी होई, इथे गाणे जेमतेम आठ-दहा आवर्तने झालेले असते.

मागच्या हिवाळ्यात दक्षिण लंडनमधील एका रेल्वे कमानीखाली पाहिलेला प्रसंग सांगतो. वरून गाडी गेली की विटा हलत आणि गोलाकार छतावरून घामाचे थेंब ठिबकत होते. डीजे तिशीच्या आतली मुलगी होती. तिने जुने, सर्वांना पाठ असलेले गायन एका अनोळखी ठेक्यावर आणून ठेवले. लोक गाऊ लागले. आणि ज्या ठिकाणी ओळखीचा बेस यायचा तिथे एक पूर्ण आवर्तन काहीच आले नाही. मग जो बेस आला तो भलताच होता. माझ्या मागचा एक उंच माणूस तळहाताने भिंतीवर धपाधप मारू लागला, त्याच्याबरोबर पाच-सहा जण, आणि मग सगळी भिंत. तिने मान वर करून पाहिले, हसली, रेकॉर्डच्या कडेवर दोन बोटे टेकवली आणि ती झर्रकन मागे ओढली. एक लांब चिरकणारा आवाज आला, मग शांतता. त्या दोन सेकंदांत खोलीतला प्रत्येक जण शेजारच्या अनोळखी माणसाकडे पाहून हसत होता. दुसऱ्या खेपेला बेस कुठे येणार हे शंभर-सव्वाशे माणसांना एकदम ठाऊक होते, आणि सगळे त्याच एका मात्रेवर खाली वाकले.

पहिल्या खेपेला गाणे डीजेचे असते. दुसऱ्या खेपेला ते खोलीचे होते.

८. मग रिवाइंड आपण मागू शकतो का? आणि आवडीच्या गाण्याची फर्माईश?

रिवाइंड मागणे हा तुमचा हक्क आहे, देणे हा डीजेचा. मागण्याचे मार्ग ठरलेले आहेत: ओरडणे, हात वर करून बोटे उडवणे, भिंतीवर थाप मारणे. टर्नटेबल ठेवलेल्या टेबलावर मात्र कधीही मारू नये, कारण धक्क्याने सुई उडते आणि गाणे खरोखरच बिघडते. प्रत्येक गाण्याला रिवाइंड मागितला तर त्याची किंमत राहत नाही आणि नाचाची लयही तुटते. काही डीजे अशा वेळी दुर्लक्ष करतात आणि ते योग्यच आहे.

फर्माईश करू नये. फोनवर गाण्याचे नाव लिहून डीजेसमोर धरणारी माणसे दिसतात. प्रश्न ६ मध्ये वर्णिलेल्या कामात गुंतलेल्या माणसाला ते वाचायला सवड नसते.

९. माइकवरचा माणूस सतत बोलत का राहतो? गाणे शांतपणे ऐकू का देत नाही?

तो एमसी. डीजे आणि लोक यांच्यामधला दुवा म्हणजे तो: आलेल्यांचे स्वागत करतो, येणाऱ्या बेसची वर्दी देतो, लोकांची रिवाइंडची मागणी डीजेपर्यंत पोहोचवतो, आणि ठेक्याच्या मोकळ्या जागांत लहान तालबद्ध ओळी पेरतो. एमसी क्रीड यांची तुटक, टिपरीसारखी उच्चारशैली ऐकली तर आवाजही तालवाद्य कसा होतो हे कळते. चांगला एमसी गायिकेचा आवाज आला की गप्प होतो. जो होत नाही, त्याच्याविषयीची तुमची तक्रार रास्त आहे.

पुढे एमसींचे शब्द लांबत गेले. बॅटरसीच्या सो सॉलिड क्रूने २००१मध्ये ब्रिटनमधील गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला तो ज्या गाण्याने, त्यात प्रत्येक एमसीला २१ सेकंद वाटून दिलेले होते. ग्राइम या संगीताकडे जाणारी वाट इथून निघते.

१०. डबप्लेट म्हणजे काय? आता सगळे डिजिटल असताना तिचे एवढे कौतुक का?

ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप देऊन त्यावर एकच प्रत कोरलेली रेकॉर्ड म्हणजे डबप्लेट. निर्माता नवे गाणे डीजेला देई आणि डीजे स्वतःच्या पैशाने ते लंडनच्या म्युझिक हाउससारख्या ठिकाणी कोरून घेई. लेप मऊ असल्याने प्रत्येक वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते, म्हणून ती जपूनच वाजवावी लागे. ते गाणे त्या आठवड्यात दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळत नसे. आज बहुतेक डीजे पेनड्राइव्हवरून वाजवतात, तरी अप्रकाशित गाण्याला आजही 'डब' म्हणतात.

११. कपडे कसे घालावेत? क्रीडाबूट चालतात का? ओळखपत्र लागते का?

१९९०च्या दशकात गॅराजच्या रात्री दारावरच 'ट्रेनर्स नाहीत, टोप्या नाहीत' असा नियम असे. लोक इस्त्रीचे शर्ट आणि चकचकीत बूट घालून येत. आजच्या लहान क्लबमध्ये असे बंधन सहसा नसते आणि गरम खोलीत हलके कपडेच सोयीचे. वय १८ पूर्ण लागते. चेहरा कोवळा दिसत असेल तर वय कितीही असो, पुरावा मागतात, म्हणून मूळ पासपोर्ट किंवा ब्रिटनचा वाहनपरवाना जवळ ठेवावा. परतीसाठी शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) काही मार्गांवर रात्रभर गाड्या असतात. रविवारी त्या नसतात, हे रविवारच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

१२. आवाज फार मोठा असतो. कानांचे काय?

इयरप्लग घाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरसमोर तीही ओलांडली जाऊ शकते. संगीतासाठी बनवलेले प्लग सर्व सूर समप्रमाणात कमी करतात, त्यामुळे हाय-हॅटची झुल हरवत नाही. कापसाचे बोळे तसे करत नाहीत. बेस तर छातीने ऐकायचा असतो, त्याला प्लगची अडचण होत नाही.

१३. हे संगीत २००२ नंतर संपले असे वाचले. मग आज कोण वाजवते?

ते मोठ्या क्लबमधून आणि खपाच्या यादीतून ओसरले, संपले नाही. मे १९९९मध्ये शँक्स अँड बिगफूट यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले, डिसेंबर २००१मध्ये डॅनिएल बेडिंगफील्ड यांचेही. त्याच सुमारास काही हिंसक घटनांमुळे क्लबमालक गॅराजच्या रात्री नाकारू लागले. लंडन पोलिसांनी २००५मध्ये फॉर्म ६९६ आणला. त्यात कलाकारांची नावे, पत्ते आणि संगीताचा प्रकार भरावा लागे; सुरुवातीच्या आवृत्तीत तर प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील हाही प्रश्न होता. याचा फटका प्रामुख्याने कृष्णवर्णीय कलाकारांच्या संगीताला बसला. तो फॉर्म नोव्हेंबर २०१७मध्ये रद्द झाला, आणि तो बारा वर्षे टिकला याची चीड मला आजही येते.

या काळात हे संगीत लहान खोल्यांनीच सांभाळले. फॉरवर्ड ही रात्र २००१मध्ये व्हेल्व्हेट रूम्स या क्लबमध्ये सुरू झाली आणि नंतर प्लॅस्टिक पीपलमध्ये गेली. एल-बी, झेड बायस यांच्यासारख्यांच्या काळोख्या गॅराजमधून तिथे डबस्टेप घडले. आजची पिढी, उदाहरणार्थ किवी रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सुरू करणारा कंडक्टा, पुन्हा मूळ झुलीकडे वळली आहे.

१४. अशा क्लबमध्ये भारतीय माणसे असतात का? परके वाटेल का?

असतात, आणि त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत ब्रिटनमधील दक्षिण आशियाई मुलामुलींना रात्री बाहेर पडण्याची मुभा नसे, म्हणून ती दुपारी भरणाऱ्या 'डेटाइमर' पार्ट्यांना जात. २०२०मध्ये स्थापन झालेल्या डेटाइमर्स या समूहाने तेच नाव घेतले. २०२१मध्ये बॉइलर रूम (डीजे सेट इंटरनेटवर दाखवणारा मंच) वरील त्यांच्या कार्यक्रमात यंग सिंग या डीजेने पंजाबी गायन गॅराजच्या ठेक्यावर वाजवले आणि ते जगभर पोहोचले. लेझीम किंवा ढोल-ताशाचा आडवा ताल घेऊन असे काही अजून माझ्या कानावर आलेले नाही. ताशाची तर्री आणि टू-स्टेपची हाय-हॅट एकमेकींना शोभतील असे मला मनापासून वाटते. कोणी करत असेल तर जरूर कळवावे.

१५. घरी मोबाइलवर ऐकले तर काहीच विशेष वाटत नाही. माझे काही चुकते का?

तुमचे नाही, स्पीकरचे चुकते. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा बेस बाहेरच पडत नाही, आणि या संगीतात बेस हीच चाल असते. चांगले हेडफोन वापरा, आणि एकेक गाणे न ऐकता निदान तासाभराचा सेट अखंड ऐका.

१६. दिवे लागल्यावरही लोक हलत का नाहीत? कार्यक्रम संपलेला नसतो का?

शेवटच्या गाण्यानंतर लोक 'वन मोर' असा गजर करतात आणि डीजे व्यवस्थापकाकडे पाहतो. परवान्याच्या वेळेत चार मिनिटे उरली असतील तर व्यवस्थापक मान हलवतो, दिवे पुन्हा मालवले जातात आणि आणखी एक गाणे होते. वेळ उरलेली नसेल तर कितीही ओरडले तरी ते होत नाही, कारण ती मोडली तर क्लबचा परवानाच धोक्यात येतो. अशा वेळी दारावरच्या रक्षकांशी हुज्जत न घालता कोट घ्यावा आणि शांतपणे बाहेर पडावे. वरच्या मजल्यांवर माणसे झोपलेली असतात, आणि त्यांच्या तक्रारींनीच लहान क्लब बंद पडतात.